रजिस्टरातली आठ मिनिटं

हमीदभाऊ,

तुमच्या शोकसभेत समोसे होते. आतला बटाटा आंबूस लागत होता, तुम्ही एका घासात सांगितलं असतं. मी दोन खाल्ले. रडून झालं की मला भूक लागते, हे तुम्हाला ठाऊक आहे आणि त्याची लाज वाटायचं माझं वय गेलं. तरी ओकारी आली. समोशांनी नव्हे, मोठ्या साहेबांच्या भाषणानं.

होय, ते आले होते. नागपूरहून खास गाडी करून आले. जंगलातल्या त्या तालुक्याच्या रुग्णालयात तुम्ही लॅबमध्ये, मी वॉर्डात आणि हे आपल्या दोघांच्या डोक्यावर, अशी आठ वर्षं काढली ना आपण, तेच साहेब. आता त्यांच्या आधी त्यांचं पोट व्यासपीठावर चढतं. तुम्हाला त्यांनी ‘रक्ताची भाषा जाणणारा फकीर’ म्हटलं. टाळी पडली. टाळी पडल्यावर माणसाला थांबता येत नाही, म्हणून मग किस्सा सांगितला. आमचा हमीद म्हणे जखमी माणसाचं रक्त गोठायला किती वेळ लागतो ते मोजून, हा जगणार की मरणार ते सांगायचा. आणि एकदा त्यानं आठ मिनिटं, अगदी नॉर्मल, असं लिहून दिलं, अन् चार तासांत बाई खलास.

लोक हसले. शोकसभा होती म्हणून नाकातून हसले. पहिल्या रांगेत तुमची शबाना बसली होती. बापावर हसताहेत हे कळूनही पोरीनं मान खाली घातली नाही, नुसता दुपट्टा सारखा केला. तिच्या शेजारी मी. तोंडात समोसा.

ते जे घशाशी आलं ते अजून खाली गेलेलं नाही. म्हणून लिहायला बसले. नात म्हणाली, आजी, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं. म्हटलं, त्यांच्याबद्दल चांगलंच लिहिते, जिवंत उरलेल्यांचं काही सांगत नाही. त्यात तुझी आजीपण आली.

तुमची माझी पहिली ओळख म्हणजे तुमची काख. तुम्ही चंद्रपूरहून नवीन आला होता, वडील घड्याळजी, म्हणून मनगटावर सेकंदकाट्याचं घड्याळ आणि बोलण्यात सारखं ‘अडीच मिनिट’, ‘पावणेचार मिनिट’. लॅबमध्ये नळी ऊबदार पाण्यात ठेवायची पेटी होती, पण वीज दिवसाकाठी चारदा जायची आणि पेटी गार पडायची. तुम्ही काय केलंत, तर पेशंटच्या रक्ताची काचेची नळी बूच लावून सरळ काखेत धरलीत. दर मिनिटाला काढायची, तिरकी करायची, रक्त वाहतं की थिजलं ते बघायचं, परत काखेत. तेवढा वेळ तुम्ही पंख तुटलेल्या कोंबड्यासारखे एक हात अंगाशी घट्ट धरून व्हरांड्यातून फिरायचा. कुणी नमस्कार केला तर डावा हात उचलायचा. लोकांना वाटायचं, नवीन माणूस मगरूर आहे.

आणि मी कोण होते? मी होते सिस्टर. खळ घालून कडक केलेली पांढरी साडी, डोक्यावर उलटी कागदी होडी ठेवल्यासारखी टोपी, आणि त्या टोपीखाली बेताचाच मेंदू. मी तुमची लेखी तक्रार केली. ‘तंत्रज्ञ रुग्णाचे रक्त स्वतःच्या बगलेत बाळगतात, हे संस्थेच्या प्रतिष्ठेस शोभत नाही.’ प्रतिष्ठा. त्या रुग्णालयात संडासाला दार नव्हतं आणि मला प्रतिष्ठेची पडली होती. तक्रार साहेबांनी तुमच्याकडेच शेऱ्यासाठी पाठवली. तुम्ही खाली लिहिलंत, ‘बगल रोज धुतली जाते.’ आणि कागद मला दाखवायला स्वतः आलात.

‘बाई, अंगातली लाईन जात नाई,’ म्हणालात. ‘म्हून तिथी ठेवतो.’

त्या दिवशी मी हसले नाही. हसायला मला दोन महिने लागले. इतकी शहाणी होते मी.

आपली शर्यत कशी लागली तेही लिहिते, कारण शबानाला त्यातलं काही ठाऊक नाही. माझा दावा होता की जखमी माणूस स्ट्रेचरवरून उतरताना मी चेहरा बघून सांगते, हा राहतो की जातो. हिरड्या बघायच्या, नखं बघायची, पाणी कसं मागतो ते ऐकायचं. तुम्ही म्हणायचा, तुमाले दिसते बाई, मले नाई दिसत, म्हून मी मोजतो. पैज लागली. हरेल त्यानं दुसऱ्यासाठी घरून डबा आणायचा. त्या काळात तुमच्या वजनात भर पडली ती माझ्या झुणक्यानं. तुमच्या घरचा डबा मला क्वचितच मिळाला.

अस्वलानं फाडलेले, झाडावरून पडलेले, ट्रॅक्टरखाली आलेले, खदानीत दगड बसलेले. आपल्याकडे जखमी येतात ते असे, आणि येतात ते चार-पाच तास बैलगाडीत किंवा कुणाच्या तरी जीपमध्ये घालवून. साहेब पहिला प्रश्न विचारायचे, हिमोग्लोबिन किती. अकरा, बारा. मग चांगलं आहे की, म्हणायचे आणि पेपर उघडायचे. मलाही ते बरोबरच वाटायचं. एक जवान मुलगा बारा हिमोग्लोबिन घेऊन आला आणि दुपारच्या जेवणाआधी गेला, तेव्हा मी तुमच्या लॅबमध्ये येऊन भांडले. तुमचं यंत्र बिघडलंय, म्हटलं.

तुम्ही स्टूल पुढे सरकवलंत. ‘बाई, गंजातलं अर्धं वरण सांडलं, तर उरलेलं पातळ होते का? नाई होत. जसं होतं तसंच राह्यते, फक्त कमी होते. तुमी वरून सलाईनचं पाणी टाकता, मंग ते पातळ होते. मंग दोन घंट्यानं हिमोग्लोबिन पडते, मंग तुमी धावता. मी म्हणतो, आधी धावा.’

मी बारा वर्षं नोकरी केलेली बाई, आणि रोज वरण करणारी. हे मला कुणी असं सांगितलं नव्हतं. माझ्या मलाही सुचलं नव्हतं, ते जाऊ द्या.

तुमचं म्हणणं असं की जीव जाताना रक्ताला आधी विसर पडतो तो गोठण्याचा. चेहरा नंतर बदलतो, नाडी नंतर, हिमोग्लोबिन तर सगळ्यात शेवटी. आल्या आल्या दोन मिली रक्त नळीत घ्या, दहा मिनिटांच्या आत थिजलं तर माणसाकडे वेळ आहे. दहाच्या पुढे वाहतच राहिलं तर त्याच्याकडे वेळ नाही. ते तुम्ही रजिस्टरात लिहायला लागलात. नाव, गाव, मार कुठे, आला किती वाजता, नळी किती मिनिटं, पुढे काय झालं. दहाच्या वर गेलेल्या नावाखाली लाल रेघ, पट्टी धरून. सगळ्या रजिस्टरात एक खाडाखोड नाही. त्या रजिस्टरात माझे डोळे पानापानावर हरलेले आहेत.

मी एकदा विचारलं होतं, रोज उठून कोण मरणार हे लिहून ठेवताना तुम्हाला कसंतरी होत नाही का. तुम्ही चिडलात. मी तुम्हाला फार थोड्या वेळा चिडलेलं पाहिलं. ‘लाल रेघ म्हंजे मरण नाई, बाई. लाल रेघ म्हंजे घाई.’

आणि घाई आपण केली. रक्तपेढी जिल्ह्याला होती, पण सोबत आलेल्यांचं रक्त जुळवून, तपासून तिथल्या तिथे द्यायची सोय आपल्याकडे होती. तुमची नळी सातव्या-आठव्या मिनिटाला पाण्यासारखी दिसली की तुम्ही कुणाला न विचारता नातेवाइकांचे गट तपासायला घ्यायचा. मी साहेबांना विचारायचे, रक्त लावू? ते पेपरातून वर न बघता मान हलवायचे. सिस्टरनं विचारलं तर हो, नाही विचारलं तर नाही, अशी तिथली रीत होती. सगळं माझ्या एका प्रश्नावर चालायचं, हे लक्षात ठेवा. विहिरीत दगड बसलेला तो माणूस आठवतो? लाल रेघेचा. भावाचं आणि साल्याचं रक्त घेऊन जगला आणि पुढच्या उन्हाळ्यात तुमच्यासाठी पळसाच्या द्रोणात चारोळ्या घेऊन आला. तुम्ही अर्ध्या मला दिल्यात. तेव्हा मी काखेबद्दलची तक्रार परत घेतली. तोंडी.

मग मी घाण केली.

साहेबांना ते रजिस्टर मीच नेऊन दाखवलं. तुम्ही सुट्टीवर होता, घरी लग्न होतं. ‘बघा साहेब, आमच्या लॅबनं काय शोधून काढलंय,’ म्हणाले मी. आमच्या. टोपी घातलेल्या त्या बयेचा कान धरून तिला आज व्हरांड्यात उभी करावीशी वाटते. साहेबांनी पानं उलटली. हळूहळू, बोटाला थुंकी लावत. मला वाटलं, आता शाबासकी. ते म्हणाले, ‘म्हणजे कोण मरणार हे आपल्याला दहा मिनिटांत कळतं तर.’

सोमवारी हुकूम निघाला. लाल रेघेचा पेशंट थांबवून घ्यायचा नाही. ताबडतोब वर पाठवायचा, चंद्रपूरला नाहीतर नागपूरला. रक्त लावत बसायचं नाही. शिक्का मीच चंद्रपूरच्या बाजारातून करून आणला, ‘पुढील उपचारार्थ रवाना’, आणि अक्षर ठसठशीत आलं म्हणून खूशही झाले.

तीन-साडेतीन तासांचा तो रस्ता. ज्यांच्या रक्तानं थिजणं सोडलंय अशी माणसं त्या रस्त्यावर. ड्रायव्हर परत यायचा आणि आवारातल्या नळावर बादल्या ओतून जीपचा मागचा तळ धुवायचा. ते पाणी माझ्या वॉर्डाच्या खिडकीखालून वाहायचं. उन्हाळ्यात तिथे माश्या घोंगावायच्या आणि मी फिनेल टाकायला सांगायचे. एवढीच माझी तक्रार, वासाची. वर्षाअखेर आपल्या रुग्णालयातले मृत्यू एकदम घटले. का नाही घटणार? मरणारे आपल्या छताखाली मरतच नव्हते. जिल्ह्याच्या बैठकीत साहेबांना शाल-नारळ मिळाला. मी टाळ्या वाजवल्या. नारळ फोडून वॉर्डात वाटला तेव्हा खोबरंही खाल्लं.

त्याआधी, हुकूम ताजा असतानाच तुम्ही लग्नाहून परत आलात आणि तो वाचलात. त्यानंतर कितीतरी दिवस मला ‘बाई’ म्हणाला नाहीत. ‘सिस्टर’ म्हणालात. मला ते शिवीपेक्षा लागलं. नंतर एकदा जीप धुतली जात असताना तुम्ही माझ्या खिडकीशी येऊन उभे राहिलात आणि म्हणालात, हे मी यासाठी नव्हतं मोजलं. बस.

आता रैनूबाई.

मोहफुलाचे दिवस. पहाटे फुलं वेचायला गेलेल्या बाईवर झाडाखाली अस्वल आलं. नवरा आणि दीर तिला घेऊन नऊच्या सुमाराला पोचले. डोक्याची कातडी उलटलेली, एक मांडी उघडी. पदराच्या गाठीत अजून फुलं होती, मोहाचा तो गोड वास आणि रक्ताचा वास एकत्र. मला आजही मोहफुलाचा वास सहन होत नाही, नातीला वाटतं आजी नखरे करते. बाई बोलत होती. नवऱ्याला रागावत होती.

‘माही टोपली कुठी हाय?’

तो म्हणाला, राहू दे टोपली.

‘राहू दे काऊन? भरत आली होती ते. तू अस्वलासाठी ठेवली का?’

वॉर्डातले सगळे हसले. ती पण हसली, जेवढा चेहरा उरला होता तेवढ्यानं.

तुम्ही रक्त नेलंत. मी ड्रेसिंग केलं, सलाईन लावलं, आणि कागद घ्यायला लॅबमध्ये आले. साहेबांचा हुकूम असा की आधी नळीचा कागद, मग बाकीचं. तुम्ही कागद दिलात. गोठण्याचा वेळ, आठ मिनिटं. लाल रेघ नाही, शिक्का नाही, जीप नाही. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. जरा जास्तच वेळ पाहिलंत.

इथून पुढे मी तुम्हाला इतकी वर्षं जे सांगत आले ते आधी लिहिते. मी सांगत आले की मी कागदावर विश्वास ठेवला. दोन वर्षं ज्या नळीनं माझ्या डोळ्यांना हरवलं, ती आठ म्हणते तर आठ. तुम्ही कधी अर्धं मिनिट इकडचं तिकडे केलं नव्हतं. तुम्ही खोटं लिहाल हे माझ्या स्वप्नातही आलं नाही. हे माझं म्हणणं.

आणि घडलं ते असं. लॅबबाहेरच्या बाकावर नवरा आणि दीर बसले होते, तुम्ही दोघांचे गट आधीच जुळवून त्यांना गूळ आणि चहा देऊन बसवलं होतं. साहेबांसाठी कागदावर आठ लिहून बाईला थांबवून घेतलीत, आणि खरं काम माझ्यावर सोपवलंत. मी फक्त साहेबांना विचारायचं होतं, रक्त लावू? रोजच्यासारखं.

साहेब वॉर्डातल्या टेबलाशी कागद तपासत बसले होते. तुम्ही दारात आलात.

‘बाई, रक्त लावाचं का?’

मी म्हटलं, तुमचा रिपोर्ट नॉर्मल आहे ना, मग कशाला.

तुम्ही गेलात. तासाभरानं परत आलात. तोवर मी तीनदा पट्ट्या बदलल्या होत्या आणि तिन्ही भिजल्या होत्या. टोपलीबद्दल बोलणं थांबलं होतं, पाणी मागणं सुरू झालं होतं. साहेब तिथेच. तुम्ही दाराच्या चौकटीला हात लावून उभे.

‘तुमाले काय दिसते, बाई?’

‘तुमच्या कागदात लिहिलंय तेच दिसतं,’ म्हटलं मी.

साहेब वर न बघता म्हणाले, हमीद, जा, आपलं काम कर.

एकच्या सुमाराला ती गेली. मी बाहेर येऊन नवऱ्याला हाक मारली. त्याला वाटलं, रक्त द्यायला बोलावलं. बिचारा बाही खांद्यापर्यंत गुंडाळून उभा राहिला.

महिन्याच्या मीटिंगमध्ये साहेबांनी तुमचं रजिस्टर मागवलं आणि ते पान सगळ्यांसमोर वाचलं. आठ मिनिटं. नॉर्मल. मृत. म्हणाले, या काखेतल्या ज्योतिषावर आपण इतके दिवस माणसं पाठवत होतो. हसले. आता जीपचं डिझेल जास्त लागतं अशी वरून चिठ्ठी आली होती, तेव्हा नाहीतरी त्यांना ही पद्धत बंदच करायची होती, तुमचं पान त्यांना आयतं सापडलं. यापुढे मी लिहून दिल्याशिवाय नळ्या वापरायच्या नाहीत, म्हणाले. झालं. पाठवणं थांबलं आणि मोजणंही थांबलं. तुम्हाला बोलता येत नव्हतं. खरं सांगावं तर खोटा रिपोर्ट दिल्याबद्दल नोकरी जाते, न सांगावं तर सगळं मोजलेलं खोटं ठरतं. तुम्ही रजिस्टर उचललंत, पिशवीत घातलंत आणि घरी नेलंत. मी नखं बघत होते. माझीच.

पुढे मी चंद्रपूरला आले, दोन वर्षांनी तुम्हीही आलात. निवृत्तीनंतर तुमच्या ओसरीवर आपण किती वेळा तेच भांडण केलं. मी म्हणायचे, मला एक शब्द सांगायला काय झालं होतं. डोळा मिचकावला असतात तरी कळलं असतं. तुम्ही म्हणायचा, साहेब समोर होता. आणि मग नेहमीचं वाक्य. ‘मी तुमच्या डोळ्यावर भरवसा ठेवला, बाई. अन् तुमी माह्या कागदावर.’ मग भाभी आतून विचारायच्या, चहा ठेवू का. इतक्या वर्षांत भांडण तिथून पुढे गेलं नाही. तुम्हीच ते तिथे थांबवायचा. निम्मा दोष स्वतःकडे घेऊन थांबवायचा.

मोठ्या दवाखान्यात ते नवीन यंत्र आलं तेव्हा तुम्ही मला हात धरून बघायला नेलं होतंत. जखमी माणूस आला की थेंबभर रक्त, दोन मिनिटांत आकडा. आंबटपणा किती, रक्त कमी पडलं की वाढणारं लॅक्टेट किती, याला आत्ता रक्त लागेल, हा थांबू शकतो. ते कोवळे डॉक्टर त्या आकड्यावर धावत होते, खरोखर धावत होते. तुम्ही काचेला नाक लावून उभे. ‘माही काख आता विलायतेहून येते,’ म्हणालात. हेवा नव्हता हो तुमच्या आवाजात. मला होता, तुमच्या वतीनं. आणि गेल्या दोन वर्षांत तर काय, हृदयाच्या गोळ्यांनी तुमचंच रक्त पातळ केलं, दर महिन्याला तुम्हीच बाही वर करून गोठण्याची तपासणी द्यायला जायचा आणि त्या पोरींना शिकवायचा, सुई काढल्यावर किती सेकंद दाबून धरायचं ते. मी म्हणायचे, तुमच्या नावाखाली आता लाल रेघ. तुम्ही म्हणायचा, मंग घाई करा, डबा आणा.

मी आणला नाही. गुडघे दुखतात, उद्या आणते म्हटलं.

आता ते लिहिते, जे ओसरीवर कधी बोलले नाही. कागदानं मला फसवलं नव्हतं, हमीदभाऊ. त्या दिवशी मी लॅबमध्ये आले तेव्हा नळी टेबलावरच्या ट्रेमध्ये टेकवून उभी ठेवलेली होती. माझा हात ट्रेला लागला, नळी लवंडली आणि आतलं रक्त बुचापर्यंत धावलं, पाण्यासारखं. भिंतीवरचं घड्याळ समोर होतं. रक्त काढून पंधरा मिनिटं होऊन गेली होती. तुमच्या हातात आठाचा कागद. मला सगळं कळलं. तुम्ही का लिहिलंत तेही, आणि तुम्ही माझ्याकडे का पाहिलंत तेही. वॉर्डात परत गेले तर हिरड्या पांढऱ्याफटक. माझे डोळे त्या दिवशी एकदाचे नळीच्या बरोबरीनं बोलत होते. पण साहेबांच्या टेबलावर जे कागद होते त्यात माझा बदलीचा अर्ज होता, सहीसाठी. नॉर्मल रिपोर्टवर मी रक्त मागितलं असतं तर त्यांनी मान वर केली असती. का म्हणून विचारलं असतं. मला त्यांची मान वर व्हायला नको होती. एवढंच. यापेक्षा मोठं कारण असतं तर आज मला स्वतःची इतकी किळस आली नसती.

तुम्ही दुसऱ्यांदा दारात येऊन विचारलंत, तुमाले काय दिसते. मला सगळं दिसत होतं.

काल शबानाकडे गेले. घरात अजून लोबानाचा वास होता. तिनं तुमचं रजिस्टर पेटीतून काढून ठेवलं होतं, ते पान उघडून. ती पण आता लॅबमध्ये काम करते, तुम्हीच शिकवलेली, वाचता येतं तिला सगळं. म्हणाली, मावशी, पूर्ण रजिस्टर पाह्यलं. कुठीच चूक नाई. हे एकच काऊन?

मी सांगितलं. नळी, घड्याळ, आठ, पंधरा. तुम्ही बाईला थांबवून घ्यायला लिहिलंत, आणि बाहेर बाकावर दोन माणसं रक्त द्यायला बसवलीत. तिनं आठाच्या आकड्यावर बोट ठेवलं. मग विचारलं, तुमाले हे तवाच मालूम होतं?

हो म्हटलं.

‘मंग मीटिंगमध्ये अब्बावर हसले, तवा काऊन नाई बोलल्या?’

माझ्याकडे उत्तरं पुष्कळ होती. तुमची नोकरी गेली असती हे एक होतं, ते बरंही दिसलं असतं. मी म्हटलं, मला चंद्रपूरला बदली पाहिजे होती.

‘भेटली?’

‘भेटली.’

तिनं पेन माझ्यापुढे ठेवलं. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं, मी रडले असते आणि तिनं पाणी दिलं असतं. ती नुसती पेनाकडे बघत बसली. मी तुमच्या त्या स्वच्छ पानावर, रैनूबाईच्या ओळीखाली लिहिलं की पंधरा मिनिटांनंतरही रक्त गोठलेलं नव्हतं, मी स्वतः पाहिलं, आणि कळूनही गप्प राहिले. खाली पूर्ण नाव लिहिलं, हुद्दा लिहिला. मग हाताच्या सवयीनं त्या ओळीवरची जुनी तारीख बघून तीच खाली घालायला लागले.

शबानानं माझं मनगट धरलं.

‘तारीख आजची टाका, मावशी.’

टाकली.